नुरा कुस्तीतला खरा पहिलवान

मार्च २०२०. नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं आणि लॉकडाउनमुळे मी पुण्याहून थेट अकोल्याला, घरी. २८ मार्चपासून दूरदर्शननं रामानंद सागरांचं 'रामायण' पुन्हा दाखवायला सुरुवात केली. मांडीवर लॅपटॉप, एका कानात मीटिंग आणि समोर टीव्ही असा थाट! पडद्यावर हनुमान आला की आमचे आबाजी सरसावून बसायचे. "हा खरा पयलवान होता बावा, बाकी सारे नट!"

मी उगाच शहाणपणा केला. म्हटलं, "आबाजी, ते फ्रीस्टाइल सगळं आधी ठरलेलं असते. नुरा कुस्ती." आबाजी काहीच बोलले नाहीत. भाग संपेपर्यंत गप्पच. ते मला लागून राहिलं आणि पुढच्या वीकांताला मी दारासिंगबद्दल मिळेल ते वाचायला बसलो.

तर मंडळी, दारासिंगचा जन्म १९ नोव्हेंबर १९२८ चा, पंजाबातल्या धर्मूचक गावचा. देशी आखाड्यात तयार झालेला हा गडी १९४७ च्या सुमारास पोटापाण्यासाठी सिंगापूरला गेला आणि तिथे त्याला फ्रीस्टाइलचं रिंग सापडलं. १९५४ मध्ये 'रुस्तम-ए-हिंद', १९५९ मध्ये कलकत्त्यात जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून 'कॉमनवेल्थ चॅम्पियन'. दरम्यान अगडबंब किंग काँगशी (खरं नाव एमिल चाया, मूळचा हंगेरीचा) त्याच्या लढती इतक्या गाजल्या की १९६२ साली बाबूभाई मिस्त्रींनी त्याला हिरो करून जो सिनेमा काढला त्याचं नावच 'किंग काँग'!

१९६८ मध्ये मुंबईत त्यानं अमेरिकेच्या लू थेझला हरवलं आणि तो 'विश्वविजेता' झाला. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तारखा ताडून पाहिल्या. थेझकडचा एनडब्ल्यूए या सगळ्यात मानाच्या संघटनेचा किताब जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीनं घेतला होता, आणि मुंबईतल्या लढतीच्या वेळी थेझ ५२ वर्षांचा होता. म्हणजे 'विश्वविजेता' हे बिरुद वाटतं तितकं सरळ नाही. व्यावसायिक फ्रीस्टाइलचा निकाल आधी ठरतो हेही आता गुपित राहिलेलं नाही. १९८९ मध्ये मॅकमॅहनच्या कंपनीनं न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे, सरकारी नियंत्रणातून सुटका व्हावी म्हणून, 'हा खेळ नाही, करमणूक आहे' असं स्वतःच कबूल केलं.

म्हणजे मी जिंकलो? इथेच गोची आहे. ठरलेला असतो तो निकाल. दीडशे किलोचा माणूस डोक्यावर उचलणं ठरवून होत नाही, त्यासाठी मान आणि कंबर खरीच लागते. तीस फुटांवरच्या प्रेक्षकाला दिसेल असं पडायचं आणि तरी हाड मोडू द्यायचं नाही, ही विद्या वेगळीच. आमच्या ऑफिसातला क्लायंट डेमोसुद्धा नुराच असतो की! काय दाखवायचं ते ठरलेलं, पण खाली कोड नसेल तर पाच मिनिटांत उघडे पडतो.

आणि आम्हा वऱ्हाडी लोकांना हे कळायला हरकत नसावी. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथला चमू जर्मनीत गेला आणि देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून आला. मल्लखांबाच्या प्रात्यक्षिकात प्रतिस्पर्धी नाही, हार नाही, जीत नाही. सगळं बसवलेलं. पण त्याला कुणी खोटं म्हणतं का?

रिंगमधली हीच विद्या दारासिंगला पडद्यावर कामी आली. स्टंटपटांच्या काळात मोठ्या नायिका त्याच्या वाट्याला क्वचितच यायच्या. 'फौलाद'पासून (१९६३) त्याच्यासोबत दिसलेली मुमताज पुढे स्वतःच मोठी नायिका झाली. हा मात्र हळूहळू चरित्र भूमिकांकडे सरकला. 'मेरा नाम जोकर' (१९७०), 'आनंद'मधला आखाड्याचा पहिलवान (१९७१), 'मर्द'मध्ये अमिताभचा बाप (१९८५), आणि आमच्या पिढीसाठी 'जब वी मेट'मधले दादाजी (२००७). हिंदीवर पंजाबी छाप कायम, चेहऱ्यावर फार हावभाव नाहीत. पण तो फ्रेममध्ये उभा राहिला की वजन जाणवायचं. १९७६ च्या 'बजरंगबली'नंतर १९८७ मध्ये 'रामायण' आलं, तेव्हा तो ५८ वर्षांचा होता. प्रत्येक तालमीत कोनाड्यात मारुती असतो, त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी मातीत उतरत नाही. तोच मारुती एका पहिलवानानं साकारलेला लोकांनी घरबसल्या पाहिला. नट शोधून हे साधलं नसतं.

आता दुसरी बाजू. खाशाबा जाधव दारासिंगहून जेमतेम पावणेतीन वर्षांनी मोठे. १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. शंभर टक्के खरी कुस्ती! पण प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांना स्वतःचं घर गहाण टाकावं लागलं. पुढे खाशाबांनी पोलिसात नोकरी केली, १९८४ मध्ये ते अपघातात गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. दारासिंग २००३ मध्ये राज्यसभेवर गेला, २०१२ मध्ये वारला तेव्हा देशभर बातमी झाली. यात दारासिंगचा दोष नाही. खऱ्या कुस्तीला तिकीट काढून पाहणारे आणि पोसणारे कमी होते, नुरा कुस्तीला होते, इतकंच.

हे सगळं मी आबाजींना सांगितलं. शांतपणे ऐकून म्हणाले, "आमीबी तालमीत होतो. जोर-बैठका मारल्या, दंगली केल्या. मंग लगन झालं आन् जिनात कामाले लागलो. कुस्तीनं पोट भरत नाही लेका. त्याचं भरलं."

निकाल ठरलेला असतो हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं. मीच त्यांच्यापुढे चीतपट झालो, आणि ती कुस्ती काही नुरा नव्हती.