आधीं माप, मग रूळ

कारंजा लाड ही कापसाची जुनी पेठ. विसाव्या शतकाच्या आरंभीं तेथून मूर्तिजापूर–यवतमाळ आगगाडी धावूं लागली. पुढें तिला लोक ‘शकुंतला’ म्हणूं लागले. तिच्या रुळांमधील अंतर अडीच फूट, तर मूर्तिजापूरच्या मोठ्या मार्गाचें साडेपांच फूट. त्यामुळें मुंबईस जाणाऱ्या गांसड्या तेथें एका डब्यांतून दुसऱ्यांत भराव्या लागत.

संगणकाच्या संचालन-प्रणालींचेंही असेंच झालें. यूनिक्सच्या अनेक शाखा फुटल्या. एकीसाठीं लिहिलेली आज्ञावली दुसरीवर चालेना. म्हणून आज्ञावलीनें प्रणालीपाशीं काय व कसें मागावें, याचें ‘पॉझिक्स’ नांवाचें माप १९८८ सालीं ठरलें. १९९१ सालीं लिनस टॉरव्हाल्ड्स यानें लिनक्स रचतांना त्याच मापाची चौकशी केली.

घडण ज्याची त्यानें करावी. सांधा मात्र आधीं सर्वांनीं मिळून ठरवावा.