कोवळ्या मेंदूचा नियम

मेंदूला इजा झालेलं मूल ‘लहान आहे, भरून निघेल’ या दिलाशाला शास्त्राचा आधार मिळाला तो १९३० च्या दशकात. येल विद्यापीठात मार्गारेट केनार्ड यांनी माकडांच्या मेंदूतल्या, हालचाली चालवणाऱ्या भागावर शस्त्रक्रिया केल्या. मोठी माकडं लुळी पडली. पिल्लं मात्र चढू लागली, वस्तू मुठीत धरू लागली. पुढे वाढत्या वयात त्याच पिल्लांचे अवयव ताठरले, हेही त्यांनी नोंदवलं होतं. ते मागे पडलं, वयाचा नियम तेवढा उरला. हे विस्मरण मुलांना महागात पडलं असं मला वाटतं. शाळेत अडखळणाऱ्या मुलाची जुनी इजा मग कोण आठवणार?

नुसतं वय नाही, तर मग सावरणं ठरवतं कोण? १९९७ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांना डोक्याला मार लागलेल्यांपैकी ‘एपीओई’ जनुकाचा ई-४ प्रकार असलेले रुग्ण कमी सावरलेले दिसले. मुलांबाबतचे निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. ओहायोतल्या संशोधकांनी घराकडे पाहिलं. डोक्याला मार लागलेल्या मुलांशेजारी त्यांनी हातपाय मोडलेली मुलं ठेवली: तोच अपघाताचा धक्का, तेच रुग्णालय, मेंदू तेवढा शाबूत. आईबापांच्या वागण्याचा मुलांच्या सावरण्याशी संबंध दिसला. कुणी म्हणेल, चिडचिडं मूलच आईबापांना थकवतं, शिवाय जनुकंही त्यांचीच. दोन्ही खरं. म्हणूनच पालकांना प्रशिक्षण देऊन, न दिलेल्यांशी तुलना करणारे प्रयोग मोलाचे: जनुकं तीच राहिली, तरी काही मुलांचं वागणं सुधारलं. यात आईला दोष नाही. मदत तिलाही हवी, मुलाला रुग्णालयातून घरी सोडतानाच.