धर्मादाय रुग्णालयातील राखीव खाटा : गरिबांचा हक्क, पण अर्ज वेळेत हवा

घरातील कर्ता माणूस अचानक आजारी पडला की गरीब कुटुंबापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो अनामत रकमेचा. दागिने गहाण पडतात, सावकाराचे दार ठोठावले जाते. प्रत्यक्षात, ज्या रुग्णालयाच्या दारात हे कुटुंब उभे असते तेथेच त्याच्यासाठी कायद्याने खाट राखून ठेवलेली असू शकते.

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१ कक नुसार धर्मादाय रुग्णालयांवर गरीब रुग्णांची जबाबदारी टाकण्यात आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने या तरतुदीला निश्चित योजनेचे रूप मिळाले. त्यानुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत उपचारांसाठी, तर आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात उपचारांसाठी राखून ठेवणे बंधनकारक आहे.

खर्च कोठून भागतो?
रुग्णालयाने एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करायची असते. निर्धन रुग्णाकडून खाट, शुश्रूषा आणि नेहमीच्या तपासण्यांचे शुल्क घेतले जात नाही. औषधे, साहित्य व कृत्रिम अवयव यांची आकारणी खरेदीच्या किमतीने होऊन ती रक्कम या निधीतून वळती केली जाते. दुर्बल घटकातील रुग्णाला औषधे व साहित्याच्या खर्चाचा किमान निम्मा वाटा स्वतः उचलावा लागतो.

पात्रता आणि कागदपत्रे
वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजार रुपयांपर्यंत असल्यास निर्धन, तर ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत असल्यास दुर्बल घटक असे निकष आहेत. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका सादर करावी लागते. रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे अर्ज द्यावा. तो दाखल होतानाच देणे हिताचे. बिल हाती आल्यावर धावपळ केल्यास अडचणी वाढतात. तातडीच्या प्रसंगी मात्र अनामत रक्कम न मागता रुग्णाला दाखल करून घेणे व प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार देणे रुग्णालयावर बंधनकारक आहे. नकार मिळाल्यास जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाकडे लेखी तक्रार करता येते.

जनआरोग्य योजनेचाही आधार
धर्मादाय खाट उपलब्ध नसल्यास महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा पर्याय तपासावा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेली ही योजना २०१७ मध्ये नव्या नावाने पुढे आली. २०२४ पासून तिचे संरक्षण प्रति कुटुंब प्रतिवर्षी ५ लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले. शिधापत्रिका व ओळखपत्र घेऊन संलग्न रुग्णालयातील 'आरोग्यमित्रा'ला भेटावे. यादीतील उपचारांनाच, तेही पूर्वमंजुरीनंतर, लाभ मिळतो. माहितीसाठी १५५३८८ हा निःशुल्क क्रमांक आहे.

मदत आहे, परंतु ती आपणहून दारी येत नाही. उत्पन्नाचा दाखला आजारपणापूर्वीच काढून ठेवणे आणि शिधापत्रिकेवरील नावे अद्ययावत राखणे, ही दोन कामे गरीब कुटुंबाला कर्जापासून वाचवू शकतात. घरकाम करणाऱ्या महिला, इमारतीचा रखवालदार, वाहनचालक यांच्यापर्यंत एवढी माहिती पोहोचविणे शहरातील प्रत्येक सुशिक्षित घराला सहज शक्य आहे.