शाळेच्या मैदानातला पाऊस

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी पुस्तिकेत १९८७ सालासमोर एकच ओळ छापलेली आहे: जिल्हा विज्ञान प्रदर्शनात नववीच्या 'गावचा पाऊस' या प्रकल्पाला उत्तेजनार्थ बक्षीस. ओळ खरी आहे. पण त्या प्रकल्पापायी सरपंच चार माणसं घेऊन शाळेत आले होते, मुख्याध्यापकांनी आठवडाभर फाटकाजवळचा फळा उतरवून ठेवला होता आणि आपल्यातल्या निम्म्या जणांना घरी बोलणी बसली होती, यातलं काही त्या ओळीत नाही. संपादक मंडळानं हे लिहायचं काम माझ्यावर टाकलं, कारण त्या प्रकल्पाची नोंदवही अजून माझ्या कपाटात आहे. अक्षर बरं म्हणून ती माझ्याकडे आली आणि मग कोणी परत मागितलीच नाही.

१९८७ चा पावसाळा ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. त्या वर्षी देशभरात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा जवळपास १९ टक्के कमी झाला. आपला साताऱ्याचा पूर्व पट्टा तर चांगल्या वर्षीही पर्जन्यछायेत. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, विसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीत तो जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि आपल्याकडे येईपर्यंत पाचशेच्या आसपास. भूगोलाच्या तासाला हे आपण पाठ केलं होतं. आपल्याच गावात किती पडतो, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हतं. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात रोज तालुकावार पाऊस छापून यायचा. तो तालुक्याच्या ठिकाणी मोजलेला, म्हणजे आपल्यापासून एस.टी.नं पाऊण तासावरचा.

मृग कोरडा चालला तेव्हा विज्ञानाचे सर वर्गात म्हणाले, ''आपण मोजू.'' (सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. छापू नका असा त्यांचाच निरोप आहे.) पर्जन्यमापक विकत घ्यायला पैसे नव्हते. आपल्या वर्गातल्या ज्याच्या वडिलांचं पत्र्याच्या डब्यांचं दुकान होतं, त्यानं बरोबर १२७ मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे जुन्या हिशोबानं पाच इंचांचं नरसाळं करून आणलं. खाली औषधाची मोठी बाटली आणि बाहेर पत्र्याचा डबा, बाटली भरून वाहिली तरी पाणी वाया जाऊ नये म्हणून. या तोंडावर एक मिलिमीटर पाऊस पडला की बाटलीत सुमारे १२.७ मिलिलिटर पाणी जमतं. हे गणित सरांनी सांगितलं नाही, आपल्याकडून करून घेतलं. प्रयोगशाळेतल्या मोजपात्रानं पाणी मोजायचं आणि भागायचं.

खरी मेहनत जागा शोधण्यात गेली. मापकाचं तोंड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर हवं आणि भिंत किंवा झाड आपल्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर हवं, हा नियम. लिंबाची झाडं आणि वर्गखोल्या सोडून मैदानाच्या मधोमध जागा निघाली ती नेमकी कबड्डीच्या मैदानात. पी.टी.च्या सरांनी ती सोडली, हा त्या वर्षातला सगळ्यात मोठा त्याग म्हणायला हवा. सकाळी साडेआठला पाणी मोजायचं, रविवारीसुद्धा. ही वेळही सरांनी मनानं ठरवलेली नव्हती. देशभर याच वेळेला चोवीस तासांचा पाऊस मोजला जातो, आणि रात्रीचा पाऊस सकाळच्या तारखेवर मांडला जातो.

इथे थोडं मागे जाते, कारण सर आम्हाला तसेच मागे नेत. पाऊस मोजणं ही इंग्रजांनी आणलेली गोष्ट असं आपण समजायचो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचं कुंड ठेवून पाऊस मोजायला सांगितलंय. कुठल्या प्रदेशात किती द्रोण पाऊस पडतो हेही दिलंय: अश्मकात साडेतेरा, अवंतीत तेवीस. आणि नुसती बेरीज देऊन तो थांबत नाही. एकूण पावसाचा एक भाग पहिल्या व शेवटच्या महिन्यात आणि दोन भाग मधल्या दोन महिन्यांत पडला तर तो पाऊस चांगला, असं तो म्हणतो. कुंड कोठारापाशी का, तर पावसाचा आकडा हा शेवटी धान्याचा आणि साऱ्याचा आकडा असतो. १८७५ साली भारतीय हवामान खातं निघालं, त्यामागेही १८६४ चं कलकत्त्याचं चक्रीवादळ आणि १८६६ व १८७१ सालचे हुकलेले पावसाळे होते. त्या खात्याचं मुख्य कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. आपल्यातले जे पुण्यात शिकायला गेले त्यांना तो बसथांबा आठवत असेल.

तर जूनपासून आपण फाटकाजवळच्या फळ्यावर रोज दोन आकडे लिहू लागलो: आपला आणि वर्तमानपत्रात आलेला तालुक्याचा. जुलैभर कोणी फारसं लक्ष दिलं नाही. दोन्हीकडे शून्यच असे. एका स्वच्छ उन्हाच्या सकाळी मात्र बाटलीत भरपूर पाणी निघालं. रात्री कुणी तरी तांब्या ओतला होता. (तो वीर आज आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप गटाचा ॲडमिन आहे.) आम्ही ती नोंद खोडायला निघालो तर सरांनी अडवलं. आकडा तसाच ठेवायला लावला, त्यावर एक रेघ आणि शेजारी 'संशयित, बेरजेत धरू नये' असा शेरा. खोडलेलं पुन्हा वाचता येत नाही, एवढंच म्हणाले. वहीत ते पान अजून तसंच आहे.

ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री ढग फुटल्यासारखा पाऊस झाला. बाटली भरून पाणी बाहेरच्या डब्यात उतरलं. सकाळी मोजपात्र पुन्हा पुन्हा भरून आम्ही बेरीज केली आणि मोठ्या अभिमानानं फळ्यावर लिहिली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याच तारखेला आपल्या तालुक्याच्या रकान्यात शून्य होतं. त्या एका रात्रीनं आपली हंगामाची बेरीज तालुक्याच्या पुढे गेली. बाजाराच्या दिवशी सगळ्या गावानं तो फळा वाचला.

आणि तिथून भांडण पेटलं. सप्टेंबरात नजर पैसेवारी लागायची होती. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत आली तर शेतसाऱ्यात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, मुलांची परीक्षा फी माफ. पैसेवारी पिकावरून ठरते, पावसाच्या आकड्यावरून नाही, हे सरपंचांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण शाळेनंच 'गावात पाऊस जास्त' असं फाटकावर लिहिलेलं वरच्या साहेबांनी वाचलं तर बाजरी करपलीय हे कोण ऐकणार, अशी त्यांची धास्ती. ती मला आजही अवास्तव वाटत नाही. ते सरांना म्हणाले, ''मास्तर, पाऊस तुमच्या डब्यात पडला असंल. आमच्या शिवारात न्हाई पडला.''

या वाक्याला आम्ही पोरं हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, ''कुठल्या शिवारात नाही पडला?'' सरपंचांनी दोन वस्त्यांची नावं घेतली. त्या वस्त्यांवरची मुलं वर्गात होतीच. त्यांना विचारलं तर एक म्हणाला, नुसता शिडकावा झाला. दुसरी म्हणाली, वाराच जास्त होता.

फळा उतरला, पण मोजणी थांबली नाही. वस्त्यांवरून येणाऱ्या मुलांना सरांनी सरळ कडांचे रिकामे डबे दिले. तोंड आणि बूड सारखं असलं की आत पट्टी धरून पाऊस थेट मिलिमीटरमध्ये वाचता येतो. डब्याचा भरवसा काय, म्हणून एक डबा मैदानातल्या मापकाच्या शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहिले. डबा मापकाइतका काटेकोर नव्हता. पडला की नाही आणि थोडा की फार, एवढं मात्र तो नीट सांगत होता. पूर्वा आणि उत्तरा नक्षत्रांत जो काही पाऊस झाला, तो एकाही दिवशी सगळ्या डब्यांत सारखा निघाला नाही. ओढ्याच्या अल्याड पाणी, पल्याड धूळ. सरपंच खरं बोलत होते, आपला फळाही खरा होता आणि वर्तमानपत्रातलं शून्यही खोटं म्हणायला काही आधार नव्हता.

मग वही पुन्हा मांडली गेली. ही कल्पना वर्गातल्या एका मुलीच्या आजोबांची. त्यांना तारखा कळत नव्हत्या, ते विचारत, ''आश्लेषात किती? मघात किती?'' आम्ही नक्षत्रवार तक्ते केले आणि प्रत्येकात पावसाचे दिवस मोजले. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस, ही हवामान खात्याची व्याख्या. तक्ता झाला आणि चित्र उलटं दिसू लागलं. बेरजेत आपण तालुक्याच्या पुढे, पावसाच्या दिवसांत मागे. बाजरी निसवायच्या वेळी सलग कोरडे आठवडे, आणि मग एका रात्रीत सगळं पाणी ओढ्यानं वाहून गेलेलं. तो तक्ता घेऊन सर स्वतः सरपंचांकडे गेले. फळा परत लागला तो त्यानंतर, आणि त्यावर 'शेवटच्या पावसाला किती दिवस झाले' असा तिसरा रकाना आला.

त्या वर्षी गावाची पैसेवारी पन्नासच्या आत लागली. ती आपल्या तक्त्यामुळे लागली असं पुढे काही जण सांगत. तसं मी लिहिणार नाही. बाजरीची कणसं पाहून कोणीही तेच ठरवलं असतं.

प्रदर्शनात एका परीक्षकांनी सरळ विचारलं, सरकारी आकडा असताना शाळेच्या डब्यावर विश्वास का ठेवायचा? आपल्या वर्गप्रमुखानं उत्तर दिलं की सरकारी आकडा चूक आहे असं आमचं म्हणणं नाही, तो आमच्या गावचा नाही एवढंच म्हणणं आहे. दुसऱ्या परीक्षकांचा प्रश्न जास्त अवघड होता: पाऊस कमी होत चाललाय असं तुम्ही दाखवू शकता का? म्हातारी माणसं तेव्हाही तेच म्हणत. एका वर्षावरून ते सांगता येत नाही, हवामानाची सरासरी तीस वर्षांची धरतात, असं उत्तर होतं. परीक्षकांना ते फिकं वाटलं असावं. म्हणून उत्तेजनार्थ.

पुढे मी आयुष्यभर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं आणि नमुना कशाचा प्रतिनिधी आहे हे समजावताना दर वर्षी हीच गोष्ट सांगितली. भांडण मात्र संपलेलं नाही. २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पात राज्यात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, दोन हजारांवर. तालुक्याचा आकडा मंडळापर्यंत उतरला, ही मोठीच सुधारणा. पण मंडळातही दहा-वीस गावं असतात. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात, आणि केंद्रावर साठ पडला नि शेजारच्या गावात बांध फुटले तर त्या गावानं काय दाखवायचं? दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून हीच तक्रार ऐकू येते, आणि मला सरपंचांचा आवाज ऐकू येतो.

आपली मोजणी पाच वर्षं चालली. खालच्या वर्गांनी ती पुढे नेली. मग सरांची बदली झाली, नरसाळं गंजलं आणि त्या जागी सायकल स्टँड आला. ती चालू राहिली असती तर तीस वर्षं २०१७ सालीच भरली असती. तसं झालं नाही याचं मला वाईट वाटतं. शाळेला दोष देत नाही, कारण रविवारी सकाळी साडेआठला मैदानात कोण जाणार हा प्रश्न आजही सोपा नाही.

मेळाव्याच्या दिवशी वही प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवणार आहे. बहुतेक पानं माझ्या हातची आहेत, पण गणपतीच्या सुट्टीत मी मामाकडे गेले होते. त्या आठ दिवसांच्या नोंदी दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात आहेत. एकही दिवस चुकलेला नाही आणि खाली सही नाही. ते अक्षर कोणाचं, ते येऊन सांगा.