लेखनिकाचा हात

खानदेशाच्या वाङ्मयेतिहासात दोन ग्रंथ असे आहेत की ज्यांत वाणी एकाची आणि लेखणी दुसऱ्याची. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात, दर रविवारी एक याप्रमाणे, विनोबांनी अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती टिपून घेतली आणि त्यांतून ‘गीता प्रवचने’ सिद्ध झाली. दुसरा ग्रंथ जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांचा. घरात आणि शेतात राबताना त्या गाणी रचीत. परंतु अक्षरओळख नसल्यामुळे ती कागदावर उतरली ती चिरंजीव सोपानदेव आणि एका आप्ताच्या हातून. १९५१ साली बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. जे टिपले गेले नाही, ते त्यांच्याबरोबरच गेले.

हे दाखले साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाहीत. येथे ते आठवण्याचे निमित्त मात्र वेगळे आहे. सेरेब्रल पाल्सीसारख्या अवस्थेत अनेक मुलांना समजते, सांगावेसेही वाटते. पण जिभेचे आणि बोटांचे स्नायू साथ देत नाहीत. अशी मुले चित्रफलकावर नजरेने वा बोटाने खूण करून, अथवा बोलणाऱ्या यंत्राची कळ दाबून संवाद साधतात. त्यांच्यासाठी कौटुंबिक शिबिरे भरवण्याचा प्रघात परदेशात रुजला. न्यू जर्सीतील ‘कॅम्प चॅटरबॉक्स’ हे त्यांतले एक परिचित नाव. अशा शिबिरात मुलांबरोबर पालकही राहतात, आणि मुलाशेजारी फलक धरून बसतो तो स्वयंसेवक. त्याचे काम वरवर किरकोळ भासते. वस्तुतः तो साने गुरुजींच्या आणि सोपानदेवांच्या जागी बसलेला असतो.

या फलकांचा इतिहास फार जुना नाही. नाझी छळछावण्यांतून सुटून शांघायमार्गे ऑस्ट्रेलियात पोचलेल्या चार्ल्स ब्लिस यांनी १९४९ साली एक चिन्हलिपी ग्रंथरूपाने मांडली. भाषाभेदामुळे माणसे एकमेकांचे वैरी होतात, तेव्हा सर्वांना वाचता येईल अशी लिपी असावी, हा त्यांचा हेतू होता. जगाने ती स्वीकारली नाही. १९७१ साली टोरांटो येथे शर्ली मॅकनॉटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती न बोलणाऱ्या मुलांपुढे ठेवली, आणि राष्ट्रांसाठी रचलेली लिपी मुलांच्या कामी आली. भारतात मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. त्यांची कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलिखित केलेले ‘वन लिट्ल फिंगर’ हे आत्मकथन २०१० साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संवाद’ या संज्ञेच्या व्याख्येतच अशा पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश केला.

याच इतिहासात एक प्रकरण असे आहे, जे प्रत्येक स्वयंसेवकाने वाचावे. १९९० च्या सुमारास अमेरिकेत एक पद्धती झपाट्याने पसरली. साहाय्यकाने मुलाचा हात वा मनगट आपल्या हातात धरावे आणि त्या आधाराने मुलाने अक्षरे दाबावीत, अशी ती रीत होती. आजवर एक शब्दही न उच्चारलेली मुले पूर्ण वाक्ये, कविता लिहू लागली. पालकांच्या डोळ्यांत पाणी आले. मग परीक्षा झाल्या. मुलाला एक चित्र आणि साहाय्यकाला दुसरे दाखवले की कागदावर उमटे ते साहाय्यकाने पाहिलेले. साहाय्यक लबाड नव्हते. आपणच लिहीत आहोत हे त्यांना स्वतःलाही कळत नव्हते. अमेरिकेच्या मानसशास्त्र संघटनेने १९९४ साली, या पद्धतीला शास्त्रीय आधार नाही, असा ठराव केला. मायेपोटी माणूस दुसऱ्याचे तोंड कसे बळकावतो, याचे याहून विदारक उदाहरण सापडणे कठीण.

मग प्रामाणिक लेखनिक ओळखावा कसा? माझ्या मते कसोटी एकच: बोलणाऱ्याला त्याची चूक दाखवता येते का? विनोबा स्वतः सिद्धहस्त लेखक होते. टिपणात चुकले असते तर ते दुरुस्त करणे त्यांच्या हाती होते. बहिणाबाईंना वाचता येत नव्हते, पण लिहिलेले वाचून दाखवले तर आपला शब्द कोणता, हे त्यांना नक्की कळले असते. फलकापुढच्या मुलाजवळ यांपैकी काहीच नसते. म्हणून त्याच्या फलकावर ‘पाणी’, ‘भूक’, ‘आई’ यांच्याइतक्याच ठळकपणे ‘नाही’ आणि ‘तसे नव्हे’ ही चिन्हे हवीत. ज्या फलकावर नकार नाही, तो फलक मुलाला बोलते करीत नाही, केवळ आज्ञाधारक करतो. आणि ती खूण होईपर्यंत थांबणे, वाक्य अर्धे असताना ते आपण पुरे न करणे, हीच स्वयंसेवकाची खरी सेवा. अर्धा मिनिट गप्प बसणे किती अवघड असते, ते बसून पाहिल्यावरच उमगते.

खानदेशात या कसोटीला आणखी एक पदर आहे. मुंबईच्या आय.आय.टी.त घडलेल्या ‘जेलो’सारख्या साधनांमुळे फलक आता मोबाईलवर आला आहे आणि तो मराठीही बोलतो. पण ती मराठी ‘मला’ म्हणते. धुळ्याकडच्या अहिराणी घरात ‘माले’ म्हणतात, जळगावकडच्या लेवा घरात ‘मले’. सोपानदेवांनी आईचे शब्द पुस्तकी मराठीत बदलून लिहिले असते तर गाणी शुद्ध झाली असती आणि बहिणाबाई त्यांतून नाहीशा झाल्या असत्या. मुलाच्या यंत्रातून कोणता शब्द निघावा, हे ठरवताना त्याच्या आजीला विचारणे हा तंत्रज्ञाच्या कामाचाच भाग मानला पाहिजे. कौटुंबिक शिबिरात कुटुंब हवे ते यासाठी.

आपण साहित्याचे अध्यापक लेखकाचा ‘स्वतःचा आवाज’ ही संज्ञा वर्गात किती सहज वापरतो! तो आवाज दुसऱ्याच्या हातून येताना किती जपावा लागतो, हे शिकण्यासाठी एखादी सुट्टी अशा फलकाशेजारी घालवावी. तेथे समोरचे मूल आपला तर्क खोडून काढण्यासाठी ‘नाही’वर बोट नेते, तो क्षण अपयशाचा समजू नये. त्या क्षणी लेखणी पुन्हा तिच्या धन्याकडे गेलेली असते.