तबकड्या जपा

लग्नाच्या मांडवात कर्ण्यावर तबकड्या वाजत, ते अंतरवाली सराटीसारख्या गावांतल्या जुन्या माणसांना आठवत असेल. पुढे कॅसेट आली आणि तबकड्या भंगारात गेल्या. त्यांबरोबर इतिहासही कसा जातो, ते एका तबकडीवरून पाहू.

१९८२ साली मुंबईत चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी जपानी विद्युतवाद्यांवर तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. ठेका यंत्राचा, खर्जाचे सूरही यंत्राचेच. एच. एम. व्ही.ने तबकडी काढली. पण ती फारशी खपली नाही.

१९८७ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्याच खर्ज-यंत्रातून ‘ॲसिड हाउस’ हे नाचाचे संगीत उभे केले. ते जगभर गाजले. त्यांनी मुंबईची नक्कल केली, असे मुळीच नाही. पण तसाच नाद इथे पाच वर्षे आधी घुमला होता, हे सांगणार कोण? पुरावा धूळ खात पडलेला!

२००२ साली एदो बाउमन या डच संग्राहकाला ती तबकडी दिल्लीच्या एका दुकानात सापडली. २०१० मध्ये त्यांनी ती पुन्हा काढली. चरणजितसिंग तेव्हा हयात होते. उतारवयात युरोपात जाऊन त्यांनी ते राग पुन्हा वाजवले. २०१५ मध्ये ते वारले.

तेव्हा गुरुजी, गावात कुणाच्या माळ्यावर तबकड्या असतील तर मुलांकडून त्यांची यादी करून घ्या. त्या उभ्या ठेवा, उन्हापासून दूर ठेवा. कुणाच्या घरच्या, कोणत्या सालच्या, तेही लिहून ठेवा. भंगारवाला वजन करतो, नावे वाचत नाही.