विमा विकायला सुरू केलेल्या रेडिओ स्टेशनने अमेरिकेला ‘कंट्री म्युझिक’ची सवय कशी लावली?

अमेरिकेतल्या टेनेसी राज्याची राजधानी नॅशव्हिल. आज या शहराला ‘म्युझिक सिटी’ म्हणतात. पण 100 वर्षांपूर्वी तिथली प्रतिष्ठित मंडळी आपल्या शहराला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घ्यायची. गावरान गाणी ऐकणं त्यांच्या दृष्टीने कमीपणाचं होतं.

याच शहरात 5 ऑक्टोबर 1925 ला डब्ल्यूएसएम हे रेडिओ स्टेशन सुरू झालं. मालक कोण? तर नॅशनल लाइफ अँड ॲक्सिडेंट ही विमा कंपनी. डब्ल्यूएसएम ही अक्षरंसुद्धा ‘वी शील्ड मिलियन्स’, म्हणजे ‘आम्ही लाखोंचं रक्षण करतो’, या कंपनीच्या घोषवाक्यावरून आलेली.

कंपनीचे एजंट दारोदार फिरून छोट्या पॉलिसी विकायचे आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायचे. अनोळखी एजंटला दारात कोण उभं करणार? पण ‘आम्ही त्या रेडिओवाल्या कंपनीचे’ म्हटलं की दार उघडायचं. म्हणजे गाणी हे निमित्त होतं, धंदा विम्याचाच होता.

स्टेशन सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत शिकागोहून जॉर्ज हे नावाचा निवेदक इथे आला. 28 नोव्हेंबर 1925 च्या रात्री त्याने अंकल जिमी थॉम्पसन या 77 वर्षांच्या फिडलवादकाला माइकसमोर बसवलं. फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच, वाजवायची पद्धत गावाकडची. श्रोत्यांना ते इतकं आवडलं की शनिवारची रात्र या संगीतासाठी ठरूनच गेली.

10 डिसेंबर 1927 ला या कार्यक्रमाच्या आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला होता. हे साहेबांनी त्याची फिरकी घेतली. आत्तापर्यंत ‘ग्रँड ऑपेरा’ ऐकलात, आता ‘ग्रँड ओल ऑप्री’ ऐका, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले आणि तेच नाव कायमचं चिकटलं.

त्या रात्री माउथ ऑर्गनवर धावत्या रेल्वेचा हुबेहूब आवाज काढणारा कलाकार होता डीफर्ड बेली. कृष्णवर्णीय. 1928 मधल्या 52 शनिवारांपैकी 49 शनिवारी तो ऑप्रीवर होता. दुसरं कुणीही त्याच्या इतक्या वेळा वाजवलं नाही. रेडिओवर रंग दिसत नव्हता, दौऱ्यावर मात्र दिसायचा. सोबतचे गोरे कलाकार ज्या हॉटेलात उतरायचे, तिथे बेलीला जागा नसायची.

1941 मध्ये त्याला काढून टाकलं. त्या वर्षी रॉयल्टीवरून रेडिओ स्टेशनं आणि संगीतकारांची संघटना ‘ॲस्कॅप’ यांच्यात जुंपली होती. संघटनेकडे नोंद असलेली गाणी रेडिओवर बंद झाली आणि त्यात बेलीच्या गाजलेल्या धुनाही अडकल्या. वाद मिटला, पण बेली परत आला नाही. पुढे हे यांनी छापील पुस्तिकेत त्याला, त्याच्या वंशाकडे बोट दाखवत, आळशी म्हटलं. वर्षात 49 शनिवार वाजवणारा माणूस आळशी! ज्याच्या धुनेने ऑप्रीच्या नावाचं बारसं झालं, तो पुढे बूट पॉलिशचं दुकान चालवत राहिला. 1982 मध्ये तो वारला. ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’मध्ये त्याचं नाव लागायला 2005 उजाडलं.

आता प्रश्न असा की एका शहरातलं स्टेशन देशभर पोहोचलं कसं? 1932 मध्ये डब्ल्यूएसएमने 878 फूट उंच, मध्ये रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता टॉवर उभारला आणि 50,000 वॅटवर प्रसारण सुरू केलं. एएम लहरी रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आदळून परत जमिनीकडे येतात, त्यामुळे त्या शेकडो मैल लांब जातात. गावाकडच्या जुन्या मंडळींना आठवत असेल, दिवसा न लागणारी लांबची स्टेशनं रात्री अचानक खणखणीत लागायची. त्यात 650 ची ही फ्रिक्वेन्सी रात्री दुसऱ्या मोठ्या स्टेशनला दिलेली नव्हती. मग काय, शेतातली घरं आणि ट्रकचालक, सगळ्यांची शनिवारची रात्र नॅशव्हिलला जोडली गेली.

गायक शहरात येऊ लागले. स्टेशनच्याच इंजिनिअर्सनी रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला. ‘म्युझिक सिटी’ हे नावही 1950 मध्ये याच स्टेशनच्या डेव्हिड कॉब या निवेदकाच्या तोंडून आलं.

पुढे मालक बदलले. 2001 च्या अखेरीस नव्या मालकांच्या मनात आलं की गाणी बंद करून खेळांवरच्या गप्पा सुरू कराव्यात. हिशोबाच्या वहीत ते पटणारंही असेल. पण चाहते आणि कलाकार निषेधाला उतरले. जानेवारी 2002 मध्ये कंपनीने माघार घेतली.

मे 2010 मध्ये कंबरलँड नदीला पूर आला. स्टुडिओत पाणी शिरलं, ऑप्रीचं स्टेज बुडालं. तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्या जुन्या टॉवरच्या पायथ्याशी असलेल्या इमारतीतून प्रसारण चालू ठेवलं. 1974 पर्यंत ऑप्री ज्या रायमन सभागृहात व्हायची, तिथल्या लाकडाचा एक गोल तुकडा नव्या स्टेजवर बसवलेला होता. तो पुरातून काढून, दुरुस्त करून पुन्हा जागेवर बसवला. गायक आजही त्याच्यावर उभे राहून गातात.